मांजर आंत, कुत्रा बाहेर

मांजर बरें कीं कुत्रा बरा, हा वाद जितका जुना तितकाच निष्फळ आहे. चार सुशिक्षित मंडळी एकत्र बसलीं आणि बोलण्याला दुसरा विषय उरला नाहीं, म्हणजे तो हटकून निघतो. मग एक पक्ष कुत्र्याच्या इमानाचे गोडवे गातो, तर दुसरा मांजराच्या स्वच्छतेची व स्वतंत्र बाण्याची वाखाणणी करतो. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे, ज्याचा जसा स्वभाव तसें त्याचें जनावर, असें दोन्ही पक्ष गृहीत धरून चालतात. इतिहासाकडे पाहिलें तर मात्र हें गृहीत टिकत नाहीं. मुक्या जनावरांवर माया करणें ही गोष्ट जुनीच आहे. प्राचीन ईजिप्तमध्यें घरांतलें मांजर मेलें तर घरचीं माणसें भुंवया काढून टाकीत व कुत्रा मेला तर सर्वांगाचें मुंडन करीत, असें हिरोडोटस लिहून गेला आहे. माया पूर्वींहि होती. निवड मात्र व्यक्तीच्या हातीं क्वचितच होती. कोणतें जनावर उंबरठ्याच्या आंत यावयाचें आणि कोणतें बाहेर राहावयाचें, हें त्या त्या समाजाचा धर्म, त्याचा धंदा आणि त्याचें धान्याचें कोठार यांनीं ठरविलें. आणि जनावरांसाठीं म्हणून ओढलेली ही रेघ पुष्कळदां माणसांमधूनहि गेली. आपल्याकडे ती कशी ओढली गेली, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

दोन्ही जनावरें मनुष्याच्या सहवासांत आलीं खरीं, पण एका वाटेनें आलीं नाहींत. जर्मनींत बॉन शहरानजीक ओबरकासेल येथें १९१४ सालीं दगडाच्या खाणींत एक पुरुष व एक स्त्री यांचे सांगाडे सांपडले. त्यांच्याबरोबरच्या हाडांत एका कुत्र्याचीं हाडें आहेत, हें पुढें पुष्कळ वर्षांनीं ओळखलें गेलें. हें दफन सुमारें १४,००० वर्षांपूर्वींचें आहे. त्या काळीं मनुष्य शेती करीत नव्हता. तो शिकार करून व कंदमुळें गोळा करून पोट भरीत होता. म्हणजे कायमचें घर उभें राहण्यापूर्वींच कुत्रा मनुष्याचा सोबती झालेला होता. मांजराची हकीकत निराळी आहे. सायप्रस बेटांत शिलूरोकांबोस येथें एका मनुष्याच्या थडग्यापासून हातभर अंतरावर मांजराचा सबंध सांगाडा पुरलेला आढळला. हा शोध २००४ सालीं प्रसिद्ध झाला आणि त्याचा काळ सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींचा ठरला. सायप्रसमध्यें रानमांजर मूळचें नाहीं. तेव्हां तें कोणीतरी समुद्र ओलांडून, होडींतून नेलें असलें पाहिजे. या काळापर्यंत पश्चिम आशियांत शेतीस आरंभ झाला होता. धान्य सांठूं लागलें, धान्यामागें उंदीर आले आणि उंदरांमागें मांजर आलें. कुत्रा माणसाच्या मागें आला, मांजर त्याच्या कोठाराच्या मागें आलें.

आपल्या भूभागांतहि या दोघांची गांठ फार पूर्वींच पडली होती. सिंधुसंस्कृतीच्या चन्हूदडो या स्थळीं मॅके यांनीं १९३५-३६ सालीं उत्खनन केलें. त्यांत मिळालेल्या एका विटेवर मांजर व कुत्रा या दोघांच्याहि पावलांचे ठसे आहेत. वीट ओली असतांना मांजर तिच्यावरून पळालें आणि त्याच्या पाठोपाठ कुत्रा धांवला, असें ते ठसे पाहून अनुमान केलें गेलें आहे. त्या लोकांची लिपि अद्याप कोणास नीटशी लागलेली नाहीं. ही वीट मात्र लहान मूलहि वाचूं शकेल.

यापुढचा पुरावा वाङ्मयाचा आहे. ऋग्वेदांतील घराचें दार कुत्रा राखतो. सातव्या मंडलांत वास्तोष्पतीच्या सूक्ताबरोबर जे मंत्र आले आहेत, त्यांत दाराशीं असलेल्या सारमेयाला चोरावर भुंकण्यास सांगितलें आहे. दहाव्या मंडलांत इंद्राची दूती सरमा पणींनीं दडविलेल्या गाई शोधीत नदीपार जाते. आणि त्याच मंडलांत यमाचे चार डोळ्यांचे दोन कुत्रे परलोकाची वाट राखीत बसलेले आहेत. मांजराला तेथें कांहींच काम दिलेलें नाहीं. आतां इराणी आर्यांच्या ग्रंथांकडे वळलें तर हाच कुत्रा पुन्हां भेटतो. वेंदिदादामध्यें प्रेतावर ज्याची दृष्टि पाडावयाची तो कुत्रा चार डोळ्यांचाच, म्हणजे डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, सांगितला आहे. आणि परलोकास जाणाऱ्या चिन्वत् पुलापाशींहि कुत्रेच पहारा करतात. दोन शाखा वेगळ्या होण्यापूर्वीं त्यांच्या दारांत एकच कुत्रा होता, असें यावरून म्हणतां येईल.

पुढें मात्र वाटा फुटल्या. इराणांत कुत्रा घरचाच राहिला. वेंदिदादाचें तेरावें प्रकरण जवळजवळ सर्व त्याच्याविषयींच आहे. धनगरी कुत्र्याला वाईट अन्न घालणें हें थोर घराच्या यजमानास वाईट अन्न वाढण्याइतकें पाप होय, असें तेथें ठरविलें आहे. त्याच परंपरेच्या नंतरच्या पहलवी ग्रंथांत मांजराची गणना लांडग्याच्या जातींत, म्हणजे दुष्ट शक्तीनें निर्मिलेल्या प्राण्यांत, झाली. पुढें इराणांत इस्लाम आला तेव्हां माप उलटलें. कुत्र्यानें तोंड लावलेलें भांडें सात वेळां धुवावें, पण मांजराच्या तोंडानें पाणी विटाळत नाहीं, असा त्या धर्मपरंपरेचा दंडक आहे; शिकारीचा, गुरांचा व शेताचा कुत्रा बाळगण्यास मात्र तिची मोकळीक आहे. एकाच देशांत घरीं कुत्रा बाळगणारा कोण व मांजर बाळगणारा कोण, यावरून माणसाचा धर्म ताडतां यावा, अशी ही स्थिति होती.

आमच्या देशांत कुत्रा बाहेर गेला तो निराळ्या रीतीनें गेला. येथें घराचें केंद्र अग्नि व अन्न हें झालें आणि अन्नाच्या शुद्धीभोंवतीं सगळा आचार उभा राहिला. मिळेल तें खाणारा व स्मशानांत फिरणारा कुत्रा या आचारांत बसणें शक्यच नव्हतें. तथापि शास्त्रकारांनीं त्याला उपाशी ठेवलें नाहीं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत गृहस्थाच्या नित्य बलिकर्माचें वर्णन आहे. त्यांत कुत्रे, पतित, श्वपच, पापरोगी, कावळे आणि कृमि यांच्यासाठीं अन्न हलकेच जमिनीवर ठेवावें, असें सांगितलें आहे. ही यादी लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. तींत दया आहे, यांत शंका नाहीं; पण ज्या ओळींत कुत्रा आहे त्याच ओळींत माणूसहि आहे, आणि दोघांचेंहि अन्न भुईवर आहे. दहाव्या अध्यायांत ही गोष्ट अधिक उघडपणें आली आहे. चांडाळ व श्वपच यांनीं गांवाबाहेर राहावें आणि कुत्रे व गाढवें हेंच त्यांचें धन असावें, असा तेथें नियम आहे. ‘श्वपच’ या शब्दांतच कुत्रा दडलेला आहे. कुत्र्याला बाहेर ठेवणें व त्याच्याबरोबर नांव घेतल्या जाणाऱ्या माणसाला बाहेर ठेवणें, या येथें दोन गोष्टी राहिल्याच नाहींत.

मांजर आंत आलें तें कोठाराच्या हक्कानें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दैवी आपत्तींच्या प्रकरणीं उंदरांच्या उपद्रवाचा उल्लेख आहे. त्यावर मांजरें व मुंगूस सोडावेत हा उपाय असून, त्यांना पकडणाऱ्यास किंवा मारणाऱ्यास बारा पणांचा दंड आहे. लगेच पुढें, आपला कुत्रा जो आवरीत नाहीं त्यालाहि तोच दंड आहे. वगळले आहेत ते रानांत राहणारे लोक. मांजराला हात लावाल तर दंड, आणि कुत्रा मोकळा सोडाल तरहि दंड! शेतसाऱ्यावर चालणाऱ्या राज्याचा हिशेब याहून स्पष्ट शब्दांत क्वचितच मांडला गेला असेल. शिवाय मांजराच्या नांवानेंच त्याची शिफारस केली होती. ‘मार्जार’ हा शब्द ‘मृज्’ म्हणजे पुसणें, स्वच्छ करणें, या धातूपासून झाला. आपलें ‘मांजर’ तेथूनच आलें. जो प्राणी दिवसांतून दहा वेळां आपलें अंग चाटून पुसतो, त्याला सोंवळ्याच्या घरांत शिरण्यास कोण अडविणार?

येथपर्यंत सर्व यथास्थित आहे. परंतु याच संस्कृतीनें जेव्हां या दोन प्राण्यांच्या गोष्टी सांगितल्या, तेव्हां तिनें माप बरोबर उलट टाकलें. घरांत घेतलेलें मांजर वाङ्मयांत ढोंगाचें प्रतीक झालें. मनूनेंच धर्माचें सोंग करणाऱ्यास ‘बैडालव्रतिक’ म्हटलें आणि अशाला पाणीहि देऊं नये असें बजावलें. महाभारताच्या उद्योगपर्वांत दुर्योधन युधिष्ठिराला हिणविण्यासाठीं तपस्वी मांजराचीच गोष्ट सांगून पाठवितो. आणि महाबलिपुरम् येथील सातव्या शतकांतल्या प्रचंड शिल्पपटांत पुढले पाय उंच जोडून तप करणारें मांजर व भोंवतीं जमलेले उंदीर आजहि पाहावयास मिळतात. डोळे मिटून दूध पिणारें मांजर मराठी म्हणींत आलें तें याच कुळांतलें.

उलट, बाहेर घातलेल्या कुत्र्याला महाभारतानें आपल्या दोन्ही टोकांना बसविलें आहे. आदिपर्वांत कथेला आरंभ होतो न होतो तोंच, जनमेजयाच्या सत्राजवळ आलेल्या सरमेच्या पिलाला राजाचे भाऊ मारतात. पिलानें हवीकडे पाहिलेंहि नव्हतें. अपराध नसतांना माझ्या मुलाला कां मारलें, असें सरमा विचारते. कोणाजवळच उत्तर नसतें. तेव्हां ती शाप देऊन जाते. अखेर महाप्रस्थानांत भाऊ पडले, द्रौपदी पडली, आणि युधिष्ठिराबरोबर उरला तो एक कुत्रा. कुत्रे बाळगणाऱ्यांस स्वर्गांत जागा नाहीं, असें इंद्र सांगतो. युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो, पण कुत्र्यास सोडीत नाहीं. आणि मग तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता असें कळतें. ज्याला घरांत घेतलें त्याच्या नांवें ढोंग, आणि ज्याला घराबाहेर ठेवलें त्याच्या रूपानें धर्म, ही विसंगति योगायोगाची नसावी. आचारानें घातलेली रेघ न्याय्य नाहीं, ही टोंचणी त्या समाजाच्या मनांत कोठेंतरी होती आणि कथाकारांनीं तिला वाट करून दिली, असें आम्हांस वाटतें. गीतेच्या पांचव्या अध्यायांतहि ज्यांच्याकडे पंडितानें समदृष्टीनें पाहावें, त्यांत कुत्रा व श्वपाक यांचीं नांवें शेजारीं शेजारींच आलीं आहेत.

महाराष्ट्रांत या दोन्ही गोष्टी एकाच गांवांत नांदत होत्या. वाड्याच्या माजघरांतून स्वयंपाकघरांत व तेथून दुधाच्या शिंक्याखालीं मांजर हक्कानें फिरे. त्याच्या हत्येचें पाप फेडण्यास सोन्याचें मांजर करून काशीस अर्पावें लागतें, अशी समजूत घरोघर होती. कुत्र्याची हद्द अंगणाच्या पायरीपाशीं संपे. वर पाऊल टाकलें तर ‘हाड’ हा एकच शब्द त्याच्या वांट्यास येई. पण वाड्याच्या बाहेर पडलें कीं महाराष्ट्र निराळा होता. धनगराच्या वाड्यावर मेंढरांचा भरंवसा कुत्र्यावर होता. जेजुरीच्या खंडोबाजवळ कुत्रा आहे, आणि त्याला वाहिलेले वाघ्ये स्वतःस खंडोबाचे कुत्रे समजून त्याच्यापुढें भुंकत, कोटंब्यांत पडेल तें प्रसाद म्हणून खात. दत्ताच्या तसबिरींत चार कुत्रे असतात व त्यांना लोक चार वेद मानतात. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें, ती कोरडी खाऊं नको म्हणून, तुपाची वाटी घेऊन धांवलेल्या नामदेवांची आख्यायिका तर मुलांनाहि ठाऊक आहे. देवाच्या पायाशीं कुत्रा चालत होता, संताच्या मागेंपुढें चालत होता. फक्त घरांत चालत नव्हता.

हें सगळें गंमतीनें सांगावें व सोडून द्यावें, असें नाहीं. कारण ज्या स्वयंपाकघरांत मांजर पाण्याच्या घागरीपर्यंत जाई, त्याच घराच्या अंगणांतसुद्धां कित्येक माणसांना पाय ठेवण्याची बंदी होती. मनुस्मृतींत मांजर मारलें काय, कुत्रा मारला काय, प्रायश्चित्त एकच आहे, आणि तें शूद्राची हत्या केल्याचें प्रायश्चित्त आहे. हा हिशेब केवळ पोथींत राहिला नव्हता. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. तें पाणी पिण्याचा हक्क बजावण्यासाठीं २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारों माणसांसह तळ्यावर जावें लागलें. ऑगस्ट १९३१ मध्यें मुंबईस मणिभवनांत त्यांची व गांधीजींची पहिली भेट झाली. जेथें आम्हांला कुत्र्यामांजरांहूनहि हीन वागविलें जातें, त्या देशाला आपला देश कसें म्हणावें, अशा अर्थाचें ते बोलले, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. त्या वाक्यांत कुत्रा व मांजर हीं नांवें अलंकार म्हणून आलेलीं नाहींत. तें गांवोगांवच्या उंबरठ्याचें जसेंच्या तसें वर्णन होतें.

आतां इराणांतल्या ज्या कुत्र्याची हकीकत वर अर्धी सोडली, ती मुंबईस येऊन पुरी होते. पारशांनीं हिंदुस्थानांत येतांना अग्नीबरोबर कुत्र्याविषयींचा आदरहि आणला. प्रेतावर कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा ‘सगदीद’ विधि त्यांनीं चालू ठेवला व जेवणांतला घास कुत्र्यासाठीं काढण्याची चालहि राखली. मुंबईंत कंपनी सरकारनें १८१३ सालच्या नियमान्वयें उन्हाळ्यांतील व पावसाळ्यानंतरच्या ठराविक दिवसांत मोकाट कुत्रे मारण्याची मुभा दिली होती. १८३२ सालीं ही मुदत १५ जूनपर्यंत वाढविण्यांत आली आणि दर कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस ठेवलें गेलें. बक्षिसाच्या लोभानें घरचे कुत्रेहि ओढून नेले जातात, अशी तक्रार सुरू झाली. ६ जून रोजीं कोटांत कुत्रे मारणाऱ्या शिपायांवर पारशी व हिंदू लोकांचा जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद राहिलीं, कुलाब्याच्या लष्करास जाणारी रसद अडली आणि मुख्य न्यायाधीशांच्या गाडीवरहि मारा झाला. अखेर दंग्याचा कायदा वाचून फौज बोलवावी लागली. पुढें जमशेटजी जीजीभाई इत्यादि प्रतिष्ठितांनीं मध्यस्थी केली व कुत्रे मारण्याऐवजीं शहराबाहेर नेऊन सोडावे असें ठरलें. १८३४ सालीं जमशेटजी व अमीचंद शहा यांनीं मुंबईची पांजरापोळ स्थापिली, तिचें मूळ याच प्रकरणांत आहे.

या दंग्यांत सरकारची भीति खोटी नव्हती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर त्या वेळीं कांहींच इलाज नव्हता. पाश्चरची लस यावयाची होती ती १८८५ सालीं. तरीहि दोन निरनिराळ्या कल्पनांची टक्कर येथें झाली हें खरें. इंग्रजाच्या लेखीं कुत्रा एकतर कोणाच्या तरी मालकीचा असे, नाहींतर तो निव्वळ उपद्रव असे. मुंबईकराच्या लेखीं एक तिसरा प्रकार होता: आळीचा कुत्रा. तो कोणाचाच नव्हता आणि परकाहि नव्हता. पारशी त्याला धर्म म्हणून घास घालीत होता आणि हिंदू त्याला बलि म्हणून घालीत होता. घराच्या आंत ज्यांचें पटलें नसतें ते दोघे रस्त्यावर एक झाले.

मांजराचें कोठाराचें नातें याच प्रांतांत आणखी एकदां उजळून निघालें. १८९६ पासून प्लेगनें मुंबई इलाख्यांत कहर मांडला. उंदरांवरील पिसवा हें त्या रोगाचें वाहन आहे, हें १८९८ सालीं सिमाँ यांनीं कराचींत दाखविलें. पुढें अमरावतीस असलेले लष्करी वैद्यकखात्याचे डॉ. बुकॅनन यांनीं, गांवांत मांजरें पुष्कळ असतील तर तेथें प्लेग शिरकाव करीत नाहीं, असें प्रतिपादन करून १९०८ च्या सुमारास मांजरें पाळण्याचा पुरस्कार केला. कौटिल्याचाच उपाय दोन हजार वर्षांनीं इंग्रजी वैद्यकाच्या भाषेंत पुन्हां सांगितला गेला! मांजरांना स्वतःलाच प्लेग होऊं शकतो, हें आतां ठाऊक असल्यामुळें त्या उपायाची मर्यादाहि आपणांस कळते.

आवड म्हणून जनावर पाळण्याची रीत आपल्या मध्यमवर्गांत रूढ झाली ती साहेबाच्या बंगल्यावरून. पट्टा, साखळी, विलायती जात आणि इंग्रजी नांव घेऊन कुत्रा प्रथमच ओटी ओलांडून दिवाणखान्यांत आला. आतां तर शहरांतल्या घरांत कणगी नाहीं, बळद नाहीं. दाणे पिशवीनें येतात आणि पहारा खालीं फाटकापाशीं बसलेला मनुष्य करतो. मांजराचें काम गेलें व कुत्र्याचेंहि गेलें. म्हणूनच या दोघांमध्यें निव्वळ आवडीनें निवड करण्याची मोकळीक आपणांस मिळाली आहे. ती सुखानें भोगावी. मांजर आवडणाऱ्यानें कुत्रेवाल्याला हिणवूं नये व कुत्रेवाल्यानें मांजराला मतलबी म्हणूं नये, एवढेंच फार तर सांगतां येईल.

पण जुना प्रश्न संपलेला नाहीं. तो दारांतून रस्त्यावर गेला आहे. १९२७ किंवा १८३२ सालाची नव्हे, आपल्या डोळ्यांदेखतची ही गोष्ट आहे. आळीच्या कुत्र्याला पकडून, त्याची नसबंदी करून व लस टोंचून मूळ जागीं सोडावें, असे नियम केंद्र सरकारनें २००१ सालीं केले व २०२३ सालीं ते नव्यानें काढले. ११ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्ली व आसपासचे मोकाट कुत्रे उचलून आश्रयस्थानांत ठेवण्याचा हुकूम दिला, आणि अवघ्या अकरा दिवसांनीं मोठ्या पीठानें तो सौम्य केला. एका बाजूस चावा घेतलेल्या मुलांचे आईबाप होते व दुसऱ्या बाजूस रोज घास घालणारे लोक होते. दोघांपैकीं एकालाहि खोटें म्हणतां येत नाहीं. अशा वेळीं मनूची ती ओळ पुन्हां आठवते. भुईवर अन्न ठेवून दार लावून घेणें सोपें आहे, आणि पिंजरा घेऊन येणारी गाडी बोलावणेंहि सोपें आहे. ज्याला आपण आंत घेत नाहीं त्याच्या जगण्याची जबाबदारी, त्याच्या लशीसकट व त्याच्या उपद्रवासकट, आपली आहे असें मानणें कठीण आहे. सरमेनें विचारलेला प्रश्न माणसांच्या बाबतींत ऐकूं येण्यास या देशाला फार काळ लागला. निदान ज्या प्राण्याच्या तोंडून तो प्रथम विचारला गेला, त्याला तरी उत्तरासाठीं तितका काळ तिष्ठावें लागूं नये.